दर तिसरा गुरुवार, कॅस्ट्रीज

दर तिसऱ्या गुरुवारी जहाज माझ्या गावाला लागतं.
खरं तर गावच जहाजाला लागतं असं वाटावं
इतकं ते थोराड: चौदा मजले,
माथ्यावर पाण्याच्या वेटोळ्या घसरगुंड्या,
आणि कॅथेड्रलचा घुमट शेजारी
हरवलेल्या पोरासारखा उभा.

मला साडेतीन तास मिळतात.
सही करायची, कार्ड टेकवायचं,
आणि पाहुण्यांच्या रांगेतून
स्वतःच्याच बेटावर उतरायचं.
"बीच, साहेब? बीच?" टॅक्सीवाला पुढे येतो,
मग चेहरा बघून ओशाळतो.
"अरे, तू तर फिलोमेनचा!"
तरीही भाडं घेतो. निम्मं.

व्हिजीचा किनारा. रस्त्यापलीकडे दफनभूमी,
तिच्यापलीकडे धावपट्टी;
छोटी विमानं आमच्या मेलेल्यांवरून उठतात.
जंगली बदामाखाली लुक्रेशियानं चादर पसरलेली.
तळलेले बेक्स, खारवलेला मासा,
एवढ्या उन्हात थर्मासभर कोको चहा.
आई खुर्चीत, चर्चची टोपी घालून,
जणू मी तिच्या घरी आलेला बिशप.
शर्मेनचा पुढचा दात पडला मी नसताना.
तो तिनं काड्यापेटीत घालून आणलाय,
आणि पेटी माझ्या कानाशी हलवून विचारते,
"ओळख, काय?"

ही आमची सहल. साडेतीन तासांची,
त्यातली चाळीस मिनिटं येण्याजाण्यात.

पलीकडे पिवळ्या टी-शर्टांतली एकवीस माणसं.
पाठीवर छापलंय: ऑर्विल, ऐंशी वर्षं.
खुद्द ऑर्विल जाड चाकांच्या खुर्चीत, गुडघाभर पाण्यात,
लाट आली की हसतो, गेली की पुन्हा वाट बघतो.
काल रात्री हे सगळे पहिल्या रांगेत होते.
मला कुणी ओळखत नाही; माझं कामच तसं.

पहिला खेळ सातला, दुसरा सव्वानऊला.
चंदेरी कपाट. धूर. ढोल वाढत जातो.
दारिना आत शिरते, जादूगार किल्ली फिरवतो,
खटका पडतो, फळी सरकते,
आणि ती थेट अंधारात, माझ्या हातांवर.
वर बाराशे लोकांचा श्वास अडकलेला,
खाली ती पुटपुटते, "आज गुडघा ठणकतोय गं बाई,"
म्हणजे तिच्या भाषेत असंच काहीतरी.

वाळूत खड्डा खणताखणता
पिवळ्यांतला एक नातू शर्मेनला सांगत होता:
कपाट उघडलं, तर बाई नाहीच! गायब!
आरशात गेली असणार. किंवा समुद्रात.
शर्मेन हसली, दाताच्या फटीतून.
"छट्! खाली माझा बाबा असतो. तो झेलतो तिला."

करारात कलम आहे, बारावं: कुणाला सांगायचं नाही.
मी ओठांवर बोट ठेवलं.
पोरगं माझ्याकडे बघत राहिलं, चेहऱ्याकडे नव्हे,
हातांकडे. बराच वेळ.
मग खड्डा खणू लागलं, जास्त जोरात.

दोन वाजले. आईनं टोपी नीट केली.
लुक्रेशियानं बेक्स कागदात बांधून दिले,
म्हणाली, "छताचं बघते मी," आणि छताबद्दल काही बोलली नाही.
शर्मेन धक्क्याच्या फाटकापर्यंत आली.
मी गेल्यावर ती कुठं बघते, मला माहीत नाही.
मला मागं बघायला पहारेकरी वेळ देत नाही.

सव्वानऊ. बेट केव्हाच मागं पडलेलं.
रंगमंचाखाली खिडकी नसते,
जहाज वळलं ते पोटऱ्यांना कळतं, तेवढंच.
ढोल. खटका. दारिना.
वर टाळ्यांचा पाऊस कोसळला,
आणि त्या गदारोळात, अगदी कडेच्या फळीवर
कुणीतरी दोनदा ठोठावलं.
टक. टक.

दारिनानं भुवई उंचावली.
मी तिला खाली ठेवलं, हळूच,
तेव्हा खिशातल्या काड्यापेटीत
दात वाजला.